खताचा हिशेब गोठ्यापासून

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे बाहेरच्या लोकांना जंगलासाठी ठाऊक आहेत. ताडोबा, वाघ, बांबू, तेंदूपत्ता एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. पण या जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या बहुतेक घरांची चूल धानावर चालते. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी या सगळ्या पट्ट्यात पावसाळा म्हणजे परे, चिखलणी आणि रोवणी. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या बाजूला काळी जमीन लागते आणि धानाची जागा कापूस, सोयाबीन घेतात. पीक कोणतेही असो, जून महिना उजाडला की प्रत्येक शेतकरी घरात एकच प्रश्न विचारला जातो : यंदा खताची किती पोती आणायची?

उत्तरही बहुधा ठरलेले असते. गेल्या वर्षी आणली तेवढी, किंवा शेजाऱ्याने आणली तेवढी, किंवा दुकानदार सांगेल तेवढी. ज्या पैशातून ही पोती येतात त्याच पैशातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, आईच्या औषधाचा आणि पावसाळ्यातल्या किराण्याचा खर्च भागवायचा असतो. घरातील बाई किराणा आणताना डब्यात किती डाळ शिल्लक आहे ते आधी पाहते. खताच्या बाबतीत मात्र घरात काय शिल्लक आहे ते न पाहताच यादी केली जाते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की "किती पोती?" हा प्रश्न शेवटचा असावा. त्याच्या आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. आपल्या गोठ्यात काय आहे? आपल्या मातीत काय आहे? आणि आपण घेणार त्या पिकाला काय हवे आहे? या तीन उत्तरांनंतर जी तूट उरते तेवढेच विकत आणायचे. यालाच खताचे नियोजन म्हणतात. हा हिशेब दहावी शिकलेली घरातली मुलगीही एका संध्याकाळी करू शकते.

गोठ्यात काय आहे?

जुन्या पद्धतीत जनावर हेच खताचे कोठार होते. आजही या भागात बैल, गाई, म्हशी, शेळ्या आहेत, पण त्यांचे खत वावरापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. यामागची कारणे अगदी साधी आहेत.

मोठे जनावर दिवसाला साधारण १० किलो ओले शेण टाकते. तीन जनावरांचे वर्षाला सुमारे ११ टन होते. जनावरे दिवसभर जंगलात चरायला गेली तर त्यातले निम्मे तिकडेच पडते. उरलेल्यातले काही गोवऱ्यांना जाते. बाकीचे उघड्या उकिरड्यावर पडते. उन्हाळ्यात ते वाळून कोळ होते आणि पहिल्या जोरदार पावसात त्यातले सत्त्व काळ्या पाण्यासोबत नाल्याला जाते. शेवटी बंडीत भरून वावरात जाते ते बऱ्याचदा कस नसलेले भुसकट असते.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश असतो. म्हणजे एका टनातून ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश. हे आकडे पोत्यातल्या खतापुढे लहान दिसतात. शिवाय त्यातले नत्र पहिल्या वर्षी साधारण एक तृतीयांशच पिकाला मिळते, बाकीचे पुढच्या वर्षांत हळूहळू सुटते. तरीही शेणखताचे मोल वेगळे आहे. ते माती भुसभुशीत ठेवते, ओलावा धरते, आणि विकत आणलेले खत मातीत टिकवून ठेवते. ज्या जमिनीत सेंद्रिय अंश उरलेला नाही तिथे युरिया कितीही टाका, तो हाताला लागत नाही.

आता तणसाकडे पाहू. धान कापल्यावर पालाशाचा मोठा भाग दाण्यात नाही, तणसात राहतो. एक टन तणसात साधारण १४ ते २० किलो पालाश असतो. तणस जनावरांनी खाल्ले की तो पालाश बहुतांशी मूत्रातून बाहेर येतो. जनावराने टाकलेल्या नत्राचाही जवळजवळ निम्मा भाग मूत्रात असतो. आणि आपण मूत्राचे काय करतो? ते गोठ्यातल्या जमिनीत मुरते किंवा मोरीतून बाहेर जाते. म्हणजे ज्या पालाशासाठी आपण दुकानात पैसे मोजतो, तो आपल्याच गोठ्याच्या जमिनीखाली गाडलेला असतो.

उपाय खर्चिक नाही. जनावरांच्या पायाखाली उरलेले तणस, पालापाचोळा, धानाचा कोंढा किंवा कोरडी माती पसरावी. ती मूत्र शोषून घेते. दर काही दिवसांनी ती उचलून उकिरड्यात टाकावी. उकिरडा खड्ड्यात असावा, त्यावर सावली असावी, भोवती पाणी अडवणारी पाळ असावी आणि वर मातीचा थर द्यावा. धुऱ्यावर गिरीपुष्पाची झाडे लावली तर त्याचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी बांधीत तुडवता येतो. त्या पाल्याच्या वाळलेल्या वजनात अडीच ते तीन टक्के नत्र असते. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि फांदी रोवली तरी झाड जगते. उन्हाळ्यात गुरे मोकाट असणाऱ्या गावांत ताग किंवा धैंचा राखणे अवघड जाते. तिथे गिरीपुष्प जास्त सोयीचा पडतो.

तिसरे कोठार तलावात आहे. पूर्व विदर्भात जुन्या मालगुजारांच्या काळापासूनचे हजारो तलाव आणि बोड्या आहेत. माजी मालगुजारी तलाव म्हणून आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. वर्षानुवर्षे वरच्या वावरातली बारीक माती, शेणाचे कण आणि पालापाचोळा पावसाने वाहून आणून इथे साठवला आहे. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर हा गाळ हलक्या, रेताड बांधीत पसरला तर आपल्याच जमिनीतून गेलेले परत येते आणि तलावाची साठवणही वाढते. राज्य सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना याच विचारावर उभी आहे. मात्र भारी चिकण जमिनीत गाळ घालू नये. तिथे पाण्याचा निचरा आणखी बिघडतो.

मातीत काय आहे?

या भागातल्या जुन्या माणसांना मातीची पारख होती. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी ही नावे उगीच पडलेली नाहीत. कन्हार काळी आणि भारी, पाणी धरून ठेवणारी. सिहार हलकी आणि रेताड. एकाच शेतकऱ्याच्या चार बांध्यांत दोन प्रकारची माती असू शकते. तरीही सगळीकडे सारखेच खत फेकले जाते. भारी जमिनीत दिलेले नत्र काही काळ टिकते. हलक्या जमिनीतून ते पाण्यासोबत खाली झिरपून जाते. म्हणून हलक्या जमिनीत खत कमी-कमी आणि जास्त वेळा द्यावे लागते.

मातीत नेमके काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी परीक्षण हवे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. त्या पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन असे १२ घटक दिलेले असतात. अनेक घरांत ही पत्रिका बँकेच्या पासबुकासोबत ट्रंकेत पडून आहे. ती बाहेर काढावी. जुनी असेल तर नवा नमुना द्यावा. तालुका कृषी कार्यालयात याची चौकशी करता येते. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र आहे आणि गडचिरोलीलाही कृषी विज्ञान केंद्र आहे.

नमुना घेणे सोपे आहे, पण तो नीट घ्यायला हवा. एप्रिल-मेमध्ये, शेणखत टाकण्यापूर्वी, वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असे करत राहावे. ती माती सावलीत वाळवावी. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची किंवा जनावरे बसतात तिथली माती घेऊ नये. युरियाच्या किंवा डीएपीच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नये. नाहीतर मातीऐवजी पोत्याचेच परीक्षण होते! उंच बांधी आणि खोलगट बांधी यांचे नमुने वेगळे द्यावेत.

अहवाल आल्यावर साधा नियम लावावा. एखादा अन्नघटक मध्यम असेल तर शिफारशीइतकीच मात्रा द्यावी. कमी असेल तर मात्रा २५ टक्के वाढवावी. जास्त असेल तर २५ टक्के कमी करावी.

पोत्यावरचे आकडे

खताच्या पोत्यावर लिहिलेले आकडे म्हणजे १०० किलोमध्ये किती किलो अन्नघटक आहेत त्याचे प्रमाण. युरियात ४६ टक्के नत्र असते. डीएपीवर १८:४६ लिहिलेले असते, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि सोबत ११ टक्के गंधक असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असतो. १०:२६:२६ मध्ये तिन्ही घटक त्याच क्रमाने असतात.

सुधारित धानासाठी पूर्व विदर्भात साधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. शिफारस हेक्टरी असते आणि आपण बोलतो एकरात. हेक्टर म्हणजे अडीच एकर. हे ध्यानात ठेवले नाही तर खत अडीचपट पडते. एकरी मात्रा होते ४०:२०:२०. लवकर येणाऱ्या किंवा उंच वाढून लोळणाऱ्या जुन्या वाणांना नत्र यापेक्षा कमी लागते.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा, एका कुटुंबाकडे दोन एकर धान आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे जपलेले सहा टन शेणखत आहे. दोन एकरांची गरज झाली ८० नत्र, ४० स्फुरद, ४० पालाश. पत्रिका सांगते की नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश जास्त. मग नत्र २५ टक्के वाढवून १००, स्फुरद ४०, आणि पालाश २५ टक्के कमी करून ३०. सहा टन शेणखतातून यंदा मिळतील असे धरूया १० किलो नत्र, ६ किलो स्फुरद आणि २० किलो पालाश. उरलेली तूट : ९० नत्र, ३४ स्फुरद, १० पालाश.

ही तूट दुकानातून भरायची. दीड पोते, म्हणजे ७५ किलो डीएपी घेतले तर ३४.५ किलो स्फुरद मिळाले आणि सोबत १३.५ किलो नत्रही आले. उरले ७६.५ किलो नत्र. त्यासाठी १६६ किलो युरिया लागेल. युरियाचे पोते आता ५० नव्हे, ४५ किलोचे येते, म्हणजे पावणेचार पोत्यांच्या आत काम झाले. पालाशासाठी १७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरे.

दुसऱ्या कुटुंबाचे आकडे वेगळे येतील. एखाद्याला कळेल की आपण डीएपी उगीचच जास्त टाकत होतो. एखाद्याला कळेल की आपण पालाश कधी दिलाच नाही. हिशेब म्हणजे कंजुषी नव्हे. जिथे लागते तिथे जास्त द्यावे, जिथे लागत नाही तिथे हात आखडावा.

दोन गोष्टी सहसा सुटतात. पहिली म्हणजे जस्त. सतत पाणी साचणाऱ्या बांधीत जस्त पिकाला मिळेनासे होते. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसू लागले आणि वाढ खुंटली तर तो खैरा रोग असू शकतो. पत्रिकेत जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट द्यावे, पण डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून देऊ नये. दुसरी म्हणजे गंधक. सोयाबीन, जवस यांसारख्या तेलबियांना गंधक लागते आणि डीएपीमध्ये ते नसते. तिथे स्फुरद सुपर फॉस्फेटमधून दिले तर एका खर्चात दोन कामे होतात. सोयाबीन आपल्या मुळांवरच्या गाठींतून बरेचसे नत्र स्वतः मिळवते. त्याला वरून युरिया देत राहिले तर पाने माजतात, शेंगा वाढत नाहीत.

युरिया कधी द्यायचा?

खत किती द्यायचे याइतकेच ते कधी द्यायचे हेही महत्त्वाचे आहे. पाणी साचलेल्या बांधीत फेकलेल्या युरियातले साधारण ३० ते ४० टक्के नत्रच धानाच्या कामी येते. बाकीचे हवेत उडते, झिरपते किंवा धुऱ्यावरून वाहून जाते.

म्हणून नत्राचे तीन भाग करावेत. निम्मे रोवणीच्या वेळी, एक चतुर्थांश फुटवे फुटताना म्हणजे महिन्याभराने, आणि उरलेले लोंबी पोटरीत धरू लागते तेव्हा. वरच्या उदाहरणात रोवणीला सगळे डीएपी, सगळे पोटॅश आणि ६८ किलो युरिया, पुढे दोन वेळा प्रत्येकी ४९ किलो युरिया असा वाटा पडतो. वरखत देण्याआधी बांधीतले पाणी काढून पातळ थर ठेवावा, बांधीची तोंडे बंद करावीत आणि एक दिवसानंतर पुन्हा पाणी घ्यावे. निंदण झाल्याशिवाय युरिया टाकू नये, नाहीतर तण आधी जेवते. ढग भरून आले असतील तर एक-दोन दिवस थांबावे. या जिल्ह्यांत पाऊस पडू लागला की कसा पडतो हे कुणाला सांगायला नको.

पिकाला नत्र हवे आहे का हे पान सांगते. पानांच्या रंगाचा तक्ता नावाची छोटी पट्टी मिळते. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी, आपल्या अंगाच्या सावलीत, दहा रोपांची वरची पूर्ण उघडलेली पाने पट्टीशी लावून पाहावीत. दहापैकी सहा किंवा जास्त पाने चौथ्या पट्ट्यापेक्षा फिकट असली तर युरिया द्यावा. गर्द हिरवी असली तर त्या खेपेचा युरिया घरातच राहू द्यावा.

याहून चांगला मार्ग कोकणातल्या भातशेतीत रुजला आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत युरिया आणि डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरतात. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर दोरीने लावतात आणि रोवणीच्या दिवशीच चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. एकरी २५ हजार गोळ्या, म्हणजे ६८ किलोच्या आसपास खत लागते. चिखलात खोल गेलेले नत्र वाहून जात नाही आणि पीक ते हळूहळू घेते. नत्राची चाळीस टक्क्यांच्या आसपास बचत होते. अडचण मजुरीची आहे. रोवणी करणाऱ्या बायांचा वेळ यात वाढतो, त्यामुळे त्यांच्या मजुरीचा वाटाही हिशेबात धरायला हवा. आधी एका बांधीत करून पाहावे.

स्वस्त म्हणून जास्त

शेतकरी युरियाच जास्त का टाकतो? कारण तो स्वस्त आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. एप्रिल २०१० पासून केंद्राने अन्नघटकांवर आधारित अनुदानाचे धोरण लागू केले, पण युरिया त्याबाहेर ठेवला. स्फुरद आणि पालाशाची खते महागली, युरिया जागच्या जागी राहिला. आज ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीचे ५० किलोचे १३५० रुपयांना. आठवड्यात पीक काळेशार होते, शेजारी वाखाणतात.

पण ते काळेशार पीक मऊ असते. त्यावर करपा लवकर येतो, तुडतुडे दाट झालेल्या बुंध्याशी वाढतात आणि लोंबी भरल्यावर वाऱ्याने धान आडवे होते. मग फवारणीचा खर्च सुरू होतो. स्वस्त पोत्याची खरी किंमत ऑक्टोबरमध्ये कळते, आणि ती बहुधा उधारीवर चुकवली जाते.

दुसरे नुकसान घरात येते. जास्तीचे नत्र नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ओठ, नखे निळसर होतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. विहीर वावरात किंवा उकिरड्याजवळ असेल आणि घरात लहान बाळ असेल, तर पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि उकिरडा विहिरीपासून दूर हलवावा.

आणखी एक सूचना आयाबहिणींसाठी. युरिया मिठासारखा दिसतो. तो स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. ज्या टोपल्यात किंवा बादलीत युरिया कालवला त्यात जनावरांना पाणी पाजू नये. युरियाच्या पाण्याने जनावर तासाभरात दगावू शकते.

गवतालाही खत लागते

धानाचा हिशेब मांडला, पण गोठा गवतावर चालतो. गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगलाचा आहे. त्यामुळे चारा विकत कशाला आणायचा किंवा पेरायचा, असे वाटणे साहजिक आहे. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागांत गुरांमागे जंगलात गेलेला माणूस परत आला नाही, अशा बातम्या आता दरवर्षी येतात. गुरे जंगलात गेली की शेणही तिकडेच राहते आणि माणसाचा जीवही टांगणीला लागतो. म्हणून गोठ्याजवळ थोडा चारा पिकवण्याचा प्रश्न खताएवढाच सुरक्षेचाही आहे.

बोडीचे किंवा विहिरीचे पाणी असेल तर संकरित नेपिअर गवताचे पाच गुंठे एका गाईला वर्षभर रोज २० किलोच्या आसपास हिरवा चारा देऊ शकतात. पण हे गवत मातीतून भरपूर खाते. दर दीड-दोन महिन्यांनी कापणी म्हणजे दर खेपेला मातीतले नत्र आणि त्याहून जास्त पालाश उचलून नेणे. नुसता युरिया देत राहिले तर दोन वर्षांत गवत विरळ होते, कारण पालाश संपलेला असतो. लागवडीच्या वेळी भरपूर शेणखत आणि स्फुरद द्यावे, प्रत्येक कापणीनंतर थोडे नत्र द्यावे आणि गोठा धुतलेले पाणी पाट काढून याच गवताला सोडावे. मूत्रातला पालाश जिथून आला तिथे परत जातो. युरिया दिल्यावर लगेच गवत कापून घालू नये, दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

पाणी नसेल तर धुऱ्यावर आणि पडीत स्टायलो हे शेंगवर्गीय गवत पेरावे. ते स्वतःचे नत्र स्वतः मिळवते, त्याला युरिया लागत नाही. गावाच्या गायरानात पोत्यातले खत घालण्याची गरजच नाही. तिथे विश्रांती हेच खत. पावसाळ्यात गवत बी धरेपर्यंत गायरानाचा एक भाग बंद ठेवला आणि पुढच्या वर्षी दुसरा, तर गवत आपोआप दाट होते. हे एकट्याचे काम नाही, ग्रामसभेने ठरवायला हवे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जंगलाचे नियम गावाने बसून ठरवता येतात, हे या गावाने दाखवून दिले आहे.

धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकण्याची आपल्याकडची उतेरा पद्धतही याच हिशेबात मोडते. डाळीचे पीक मुळांवाटे मातीत थोडे नत्र ठेवून जाते आणि कुटार गुरांना मिळते. तिला युरिया देण्याची गरज नाही.

एक वही पुरे

हे सगळे लक्षात कसे ठेवायचे? ज्या घरांत उशर काढला जातो तिथे धानाचे मोजमाप आधीच होते. त्याच वहीत चार रकाने वाढवावेत. कोणत्या बांधीत कोणते वाण, किती बंड्या शेणखत, कोणत्या तारखेला किती किलो खत, आणि शेवटी किती धान झाले. खत घेताना पावती मागावी आणि ती वहीत चिकटवावी. पोत्यावरचे आकडे, वजन आणि किंमत पाहूनच पैसे द्यावेत. दुकानात एकाबरोबर दुसरे घ्यावेच लागेल असे कुणी म्हटले तर तालुका कृषी कार्यालयात तक्रार करता येते.

वही ठेवण्याचे काम घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना द्यावे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या थोड्याशा वावरात वेगळी दिसलेली रोपे बाजूला काढून, वर्षानुवर्षे पाहणी करून एचएमटी धान तयार केले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, बांधीत रोज पाहण्याची सवय होती. तीच सवय खताच्या बाबतीत लावायची आहे.

या वर्षी सगळे वावर बदलण्याची गरज नाही. एक बांधी निवडावी आणि तिची माती तपासून घ्यावी. तिच्या वाट्याचे शेणखत मोजून टाकावे, तुटीपुरतेच खत आणावे आणि ते तीन हप्त्यांत द्यावे. शेजारच्या बांधीत नेहमीसारखेच चालू द्यावे. कापणीनंतर दोन्हींचे धान वेगवेगळे मोजावे आणि दोन्हींचा खर्च वहीत समोरासमोर लिहावा. पुढच्या जूनमध्ये किती पोती आणायची, हे मग त्या वहीतच वाचता येईल.